तुरीच्या दाण्याएवढा चेहरा

बाबा,

अंजनगावची मावशी गेली. आईची मोठी बहीण. तुमच्यानंतर माझं माहेर म्हणून जे काही उरलं होतं, ते तिच्याच घरी होतं. दिवाळीची साडी तीच घ्यायची, उन्हाळ्यात कुरडया-पापडांचा डबा तीच पाठवायची. पण हे पत्र ती गेली हे कळवायला नाही. तिच्या तेरवीसाठी तिचा फोटो मोठा करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या कामातून जे बाहेर निघालं त्याचा तुम्हाला जाब विचारायचा आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवायची माझी सवयच मोडली होती. गेलेल्या माणसाचं सगळं चांगलंच आठवायचं असतं, तसं मीही आठवत आले. आता राग आला आहे आणि तो सांगायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही, ही त्यातली आणखी एक गंमत.

तुमच्या माघारी काय झालं ते थोडक्यात सांगते. लग्न होऊन मी अमरावतीला आले. अकोल्याचं दुकान भाड्याचंच होतं, ते सोडलं. इथे राजापेठेच्या अलीकडे एका गाळ्यात माझं दुकान आहे. तुमच्या वेळी लोक नवे कपडे घालून, केसांना तेल लावून फोटो काढायला यायचे. आता फोटो सगळ्यांच्या खिशात असतो. माझ्याकडे येतात ते माप करून घ्यायला. परीक्षेच्या अर्जात बसेल एवढा बारीक कर, पासपोर्टला पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर कर, बारशाचा चार बाय सहा, भिंतीवरचा बारा बाय अठरा. मोबाइलचा फोटो लांबट असतो आणि फ्रेम आखूड, म्हणजे कुणाचं तरी डोकं जाणार नाहीतर पाय. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, कोनालेच कापू नका, अन् पांढरी पट्टीबी ठेवू नका." मग मी त्यांना बसवते, चहा मागवते आणि तुम्ही समजवायचे तसं समजावते. निम्म्यांना पटतं, निम्मे समोरच्या दुकानात जातात.

हे काम तुम्ही मला शिकवलंत. मी सातवीत असेन. शाळेतून आले की दप्तर काउंटरखाली ढकलून तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसायची आणि तुम्ही मला फोटो मापात बसवायला द्यायचे. एकदा एका लग्नातला फोटो चौकटीत बसेना, म्हणून मी त्याची कड धरली आणि सरळ बाजूला ओढली. चौकट भरली. नवरी मात्र दुप्पट झाली आणि नवरदेवाचं तोंड पोळपाटासारखं झालं. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात आणि माझ्या हातातला माउस काढून घेतलात. "हे तिचं तोंड व्हय का?" तुम्ही विचारलंत. मी नाही म्हणून मान हलवली. "मंग कोनाचं आये? ते बाई विश्वासानं आपल्या हातात तोंड देऊन गेली, अन् तू तिले दुसरीच बाई करून टाकलं?" मला रडू फुटलं तरी तुम्ही सोडलं नाहीत. डोळे पुसायला लावलेत आणि मग कागदावर भागाकार करून दाखवलात. फोटो किती ठिपक्यांचा आहे ते पहिले पाहायचं, छापायला इंचाला तीनशे ठिपके लागतात म्हणून त्याला तीनशेनं भागायचं, जे येईल तेवढे इंच. तेवढ्या मापापर्यंत फोटो खरा. "जेवढं त्यात हाये तेवढंच निघते, पोरी. त्याच्या पुढं वढलं का मंग कॉम्प्युटर आपल्या मनानं भरते. ते खरं नसते." हे वाक्य मी आजही गिऱ्हाइकांना ऐकवते.

मूर्तिजापूरकडचे ते म्हातारे आठवतात का? मुलाच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो घेऊन आले होते. मुलगा विहिरीत पडून गेला होता, आणि त्यांच्याजवळ त्याचा तेवढाच फोटो होता, नखाएवढा, त्यावर शिक्का. त्यांना तो भिंतीवर लावायला मोठा हवा होता. तुम्ही भिंग लावून कितीतरी वेळ पाहत बसला होता. शेवटी म्हणालात, "दादा, हा येवढाच राहीन. मी याले पोस्टकार्डाच्या मधात बसवून देतो. बाकी कोरा कागद ठेवतो, छान दिसन." म्हातारे भडकले. "माहा पोरगा येवढाच होता का?" म्हणून फोटो उचलून निघून गेले. काही दिवसांनी ते मुद्दाम तुम्हाला दाखवायला परत आले. दुसऱ्या कुणीतरी तो फोटो हातभर करून दिला होता. गुळगुळीत गाल, कोट, टाय, मागे गुलाबाची बाग. तुम्ही हात जोडून "छान हाये" म्हणालात. ते गेल्यावर बराच वेळ तुम्ही काही काम केलं नाही. मग मला म्हणालात, "आता त्याले त्याचा पोरगा कदीच नाई दिसनार. रोज हा कोटवालाच दिसन." मी तेव्हा शेजारीच बसले होते, बाबा. आज हे लिहिताना मला तुमचा चेहरा आठवायचा आहे, ते म्हणताना कसा होता तो. आठवत नाही. मी स्क्रीनकडे पाहत होते.

आता आईच्या फोटोकडे येते. मी अडीच वर्षांची असताना आई काविळीनं गेली आणि पुढच्याच वर्षी मोर्णा नदीचं पाणी आपल्या घरात शिरलं. लग्नाचा अल्बम, निगेटिव्हचे डबे, भिंतीवरचा फोटो, सगळं खाटेखालच्या ट्रंकेसकट चिखलात गेलं. "सगळं गेलं, हा येकच वाचला," असं म्हणून तुम्ही मला तो पाच बाय सातचा फोटो दाखवायचे. निळा पडदा, हिरवी साडी, डाव्या बाजूला भांग, ओठ मिटलेले. मी त्याच्यासमोर वाढले. शाळेत जाताना "आई, चालली मी" म्हणायची. निकाल लागला की आधी तिला दाखवायचा, मग तुम्हाला. आठवीत असताना मी माझा भांग उजवीकडून डावीकडे आणला, तिच्यासारखा. लोक म्हणायचे, पोरगी आईवर गेली नाही. मला वाईट वाटायचं आणि मी आरशात तसे ओठ मिटून पाहायची.

त्या फोटोला तुम्ही कधी हार घातला नाहीत. सगळ्यांच्या घरी गेलेल्या माणसाच्या फोटोला हार असतो, चंदनाचा नाहीतर प्लास्टिकचा तरी. आपल्याकडे दिवाळीला नाही, पितृपक्षातही नाही. शेजारच्या काकूंनी एकदा शेवंतीचा हार आणला तर तुम्ही तो दारालाच बांधलात. मी विचारलं तर म्हणालात, "तिले हार आवडत नव्हता." केवढी खूश झाले होते मी! आईबद्दल मला जे थोडंफार माहीत होतं त्यात ही सगळ्यात पक्की गोष्ट. माझ्या लग्नात मी सासरच्यांशी वाद घालून वरमाला बोटभर जाडीची केली. का, तर माझ्या आईला हार आवडत नव्हता. सासूबाई अजून ते काढतात.

आणि मावशी. ती अकोल्याला आली की त्या फोटोकडे पाठ करून बसायची. मला वाटायचं, बहिणीचं दुःख. तिचा चेहरा फोटोशी जुळायचा, पण सख्ख्या बहिणी, जुळणारच असं मी धरून चालले होते. एकदा मी हट्टच धरला, की मावशी, तू आईला नमस्कार का करत नाहीस? ती डाळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ते माही लहान बहीन होती. लहान्याले कोनी नमस्कार करते का?" मला पटलं. तुम्ही आतल्या खोलीत होता. तुम्हाला ते ऐकू गेलं असणार.

तर मावशी गेल्यावर चार-पाच दिवसांनी मावसभावाचा फोन आला. "ताई, आईचा फोटो पाठवतो. म्हातारपनीचा नोको, आमचे बाबा म्हनते तरुनपनीचाच पायजे. तेरवीले टेबलावर ठेवाचा हाये, मोठा करून आन." त्यानं पाठवला, आणि तो उघडून मी हसले. बिचाऱ्यानं घाईत माझ्या आईचा फोटो पाठवला होता. निळा पडदा, हिरवी साडी, डावीकडे भांग. फक्त यात ती हसत होती. मला आधी काय वाटलं असेल? आनंद, बाबा. आईचा दुसरा फोटो! हसणारा! मी त्याला लगेच फोन केला. म्हटलं, "अरे, हा माझ्या आईचा आहे. हा तुमच्याकडे कसा? आणि मावशीचा कुठे?" तो म्हणाला, "ताई, काय बाप्पा, ही आमचीच आई आये. भुवई पाय ना."

मी पाहिली. मावशीच्या डाव्या भुवईत खाच होती, लहानपणी फाटकाची कडी लागलेली. सगळ्या गोतावळ्याला माहीत असलेली. मोबाइलवर ती दिसत नव्हती. फोटो दुकानातल्या स्क्रीनवर घेतला, बारा बाय अठराच्या मापाला लावला, आणि भुवई मोठी होत गेली तशी खाच वर आली. मी या धंद्यात लहानाची मोठी झाले. एकाच बैठकीत काढलेले दोन फोटो मला न ओळखायला काय झालं? पडद्याची तीच चुणी, डाव्या बाजूनं येणारा तोच उजेड, पदराची पिन तशीच तिरकी. एकच बाई, एकच दिवस. एकात हसली, एकात नाही. समोर एक मुलगी आधार कार्डाची झेरॉक्स मागत उभी होती. तिला मी काय दिलं, तिनं काय दिलं, काही कळलं नाही.

घरी जाऊन मी भिंतीवरचा, अकोल्याहून आणलेला आईचा फोटो उतरवला. ही फ्रेम कधी उघडायची नाही, अशी तुमची ताकीद होती. "पुराच्या पान्यानं फोटो काचेले चिपकला हाये. उघडशीन तर फाटन." म्हणून तर मी तो कधी स्कॅन केला नाही, कधी मोठा केला नाही, इतक्या लोकांचे आईबाप मोठे करून देणारी मी. मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला. फोटो कशालाही चिकटलेला नव्हता. पुरातला तर नव्हताच, कुठे पाण्याचा डाग नव्हता. नव्या कागदासारखा हातात आला. भिंग लावलं तर भुवईवर तुमचा हात दिसला. शेजारची कातडी उचलून खाचेवर बसवली होती. सफाईदार काम. पाच बाय सातमध्ये कुणाच्या बापाला कळलं नसतं, आणि म्हणूनच तो पाच बाय सात होता.

तेरवीला मी मावशीचा फोटो घेऊन अंजनगावला गेले. खाच ठेवली, काही पुसलं नाही. मांडवात टेबलावर तो ठेवला आणि मावसभावानं त्याला झेंडूचा जाडजूड हार घातला. बाबा, ज्या चेहऱ्याला मी जन्मभर आई म्हटलं त्याला मी पहिल्यांदा हार घातलेला पाहिला. बायका मला धरून म्हणत होत्या, "मावशीचा लय जीव होता तुह्यावर." मी रडत होते ते मावशीसाठी की आणखी कुणासाठी, ते मला तरी कुठे कळत होतं? ती गेली त्या दिवशी मी तासभर येऊन, पाहुण्यासारखी मातीला उभी राहून परत गेले होते, लग्नसराईच्या ऑर्डरी पडल्या होत्या म्हणून.

पंगती उठल्यावर मी मावसाजींना, मावशीच्या यजमानांना, गाठलं. गोठ्याशेजारी खाटेवर एकटेच बसले होते. मी फक्त एवढंच म्हटलं, "मावसाजी, अकोल्याच्या घरातला फोटो कुणाचा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग पायाजवळच्या मातीकडे.

"कळलं म्हना तुले," ते म्हणाले. "कदी ना कदी कळनारच होतं. तुह्या मायचा फोटूच राह्यला नव्हता, पोरी. पुरात सारे गेले. तू बापासंगं दुकानात जाये अन् काचेतले बायांचे फोटू दाखवून इचारे, ही माही आई का? ही का? कोनाच्याबी बायकोले आई म्हने. तुह्या बापाले ते पाहावलं नाई. त्यानं हिले, तुह्या मावशीले, अकोल्याले बोलावलं. तुह्या मायचं हिरवं पातळ हिच्यापाशीच होतं, तिच्या माघारी हिलेच देल्लं होतं. ते नेसवलं अन् फोटू काढला. पयल्यात हे हासली. तो म्हने, हासू नका बाई, हासल्यावर तुमीच दिसता. मंग दुसरा काढला."

मी विचारलं, "तुम्ही कुणी काही बोलला नाहीत?"

"मी म्हनलं होतं. जित्त्या मानसाले भितीवर टांगू नोका, चांगलं नसते. तर हे म्हने, पोरीले माय पायजे. फक्त हार घालू नोका म्हना, मी जित्ती हाओ. तुह्या बापानं तेवढं पाळलं."

"मग मी मोठी झाल्यावर तरी?"

"तो म्हने, मोठी झाली का सांगीन. मंग तोच गेला. हिनं सांगाले पायजे होतं. पन हिले भेव वाटे. म्हने, पोरगी रोज सकाळी माह्यासंगं बोलते. सांगतलं तर ते बंद होईन."

तेव्हा मला कुणाचा राग यावा? मावशीचा येऊ दिला नाही, दारात तिचं दिवसाचं ताट होतं. तुमचा आला. हार आवडत नव्हता, हे तुम्ही किती सहज म्हणाला होता. जिवंत बाईला हार घालायचा नाही एवढा धर्म तुम्ही पाळलात, आणि मेलेल्या बाईचा चेहरा तिच्या पोरीला दुसऱ्याचा दिलात. लग्नातली नवरी ओढली म्हणून माझ्या हातातला माउस काढून घेतलात ना? तेव्हा आपल्या घरच्या भिंतीवर काय टांगलेलं होतं? त्या मूर्तिजापूरच्या म्हाताऱ्यांना तुम्ही नखाएवढा खरा मुलगा देत होता. मला नखाएवढी आई का नाही दिलीत?

कारण होती, बाबा. नखाएवढी आई होती. निघताना मावसाजीच म्हणाले, "खरा येक हाये. भातकुली गावच्या बारशातला. तुह्या मायनं लाइट धरला होता. लय बारीक. तुह्या बापानं मले कॉम्प्युटरवर दाखवला होता. मोठा करू करू पाहे अन् रडे."

तुमच्या सीडींचं खोकं मी लग्नानंतर अमरावतीला आणलं होतं, का ते माहीत नाही, टाकवत नव्हतं. भातकुलीची सीडी त्यात होती, दुकानात असल्यामुळे पुरातून वाचलेली. नवा घेतलेला तुमचा पहिला डिजिटल कॅमेरा, कार्डात जास्त फोटो मावावेत म्हणून सगळ्यात लहान मापावर लावलेला. बारशाचा पाळणा, बाळंतीण, पाहुण्या बाया, आणि पार कडेला एक बाई दोन्ही हातांनी लाइटचा दांडा धरून उभी. ती कॅमेऱ्याकडे बघतच नाही. लाइट नीट पडतो का, ते बाळाकडे बघून तपासते आहे. तुमच्याबरोबर ती कामाला यायची हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी दुकानातल्या रिकाम्या स्टुलावर बसून वाढले ना, ते स्टूल तिचं होतं तर.

मी भागाकार केला. तुम्ही शिकवलेला. चेहऱ्याच्या वाट्याला आले साठेक ठिपके, म्हणजे छापला तर तुरीच्या दाण्याएवढा. त्याच्या पुढं खरं नाही.

त्याच सीडीशेजारी दुसरी एक होती, कोरी दिसणारी. तिच्यात फक्त आई. तुम्ही तो चेहरा कापून घेऊन मोठा करत गेला होता. प्रत्येक प्रयत्न वेगळा ठेवलेला, नाव म्हणून नुसतं माप: साडेतीन बाय पाच, चार बाय सहा, पाच बाय सात, मग परत पासपोर्ट. आधीच्या फोटोंत चौकोन चौकोन दिसतात. पुढे नवं सॉफ्टवेअर आलं असेल, चौकोन जाऊन धुकं झालं. डोळे कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात ते कळत नाही. शेवटचा तुम्ही दवाखान्यात भरती व्हायच्या थोडं आधी केलेला आहे. मी कॉलेजात होते तेव्हा, मोठी होते, बाबा, चांगली मोठी. मला शेजारी बसवून दोघांनी मिळून केला असता की! मला इथे सगळ्यात जास्त लागलं. खोटा फोटो दिलात, ते मी कदाचित गिळलंही असतं, पोरगी काचेतल्या बायांना आई म्हणत होती म्हणून. पण खरी आई तुम्ही स्वतःपाशी ठेवलीत. दुकानाचं शटर अर्धं ओढून तुम्ही एकटे तिच्याजवळ बसायचे आणि घरी आल्यावर मी मावशीच्या फोटोला शाळेतल्या गोष्टी सांगत असायची ते दारातून ऐकायचे. तुमच्या हातून एकदाही चहाचा कप सुटला नाही? एकदाही तोंडातून निघालं नाही?

आता तुमच्या वेळेसारखं राहिलेलं नाही. मोबाइलवर अशी अ‍ॅपं आली आहेत की अंधूक चेहरा द्यावा आणि चहा होईपर्यंत तो धुतल्यासारखा स्वच्छ होऊन यावा. गिऱ्हाइकं सर्रास करून आणतात. मीही आईचा चेहरा दिला. आली एक बाई. पापण्यांचा केस न् केस मोजून घ्यावा अशी. नितळ कातडी, ओठांना गुलाबी रंग, कुठल्याही साबणाच्या पुडक्यावर चालेल असं हसू. आई त्या फोटोत हसतच नव्हती. कॉम्प्युटरनं आपल्या मनानं भरलं होतं. म्हणजे पुन्हा दुसरीच बाई. मी ते तिथल्या तिथे पुसून टाकलं. तुम्ही केलं ते मला करायचं नव्हतं.

मग मी म्हाताऱ्यांना तुम्ही जे द्यायला निघाला होता ते स्वतःला करून दिलं. पाच बाय सातचा पांढरा कागद घेतला आणि त्याच्या मधोमध तिला तिच्या खऱ्या मापात छापलं. पूर्ण उभी, लाइटच्या दांड्यासकट, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. बाकी सगळा कोरा कागद. त्याच जुन्या फ्रेममध्ये घातला. लांबून बघणाऱ्याला वाटतं, फ्रेममध्ये फोटो घालायचा राहिला आहे. कामवाल्या ताईंनी विचारलंही, "हे रिकामं काऊन लटकवलं?" मी त्यांना जवळ बोलावून दाखवलं. त्या नाक काचेला लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कामाची बाई दिसते." आईबद्दल मला कुणी सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट.

मावशीचा तो जुना फोटो मी फेकला नाही. नवी फ्रेम करून शेजारीच लावला आणि हार घातला, शेवंतीचा. आता घालायला हरकत नाही. रोज सकाळी दुकानाला निघताना दोन्ही फ्रेमांसमोर उभी राहते. तोंडात "आई, चालली मी" तयार असतं, पण नजर कुठे ठेवायची ते कळत नाही. लहान फोटोकडे पाहावं तर ती माझ्याकडे पाहत नाही, मोठ्याकडे पाहावं तर ती पाहते, पण ती आई नाही. पंधरा दिवस झाले, मी काही न बोलता चप्पल घालून निघते. हे तुम्ही केलंत. मावशीला ज्याची भीती वाटत होती तेही झालं, आणि तुम्हाला ज्याची वाटत होती तेही: आई म्हणायला मला एकही चेहरा उरला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं? घडी करून फ्रेमच्या पाठीमागे, पुठ्ठ्याच्या आत ठेवीन म्हणते, जिथे तुम्ही मला कधी उघडू दिलं नाहीत. माफ केलं असं समजू नका. अजून केलेलं नाही, आणि कधी होईल असं आज तरी वाटत नाही.

फक्त एक दुरुस्ती. वर लिहिलंय की अ‍ॅपमधून आलेला तो चेहरा मी पुसून टाकला. नाही पुसला. तुमचे फोटो सीडीवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतले ना, त्यांच्यातच ठेवला आहे, तुमच्या शेवटच्या फोटोच्या खाली. नाव दिलंय पाच बाय सात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढते आणि उघडून बसते.